उत्तर आलेच नाही, तर काय समजायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका उत्पादक कंपनीच्या संगणक विभागात नव्याने रुजू झालेल्या अभियंत्याने विचारले आहे की, इंटरनेट तंत्रज्ञानामुळे व्यवसायाचे संगणकीय कामकाज आणि ई-कॉमर्स यांत नेमके काय बदलले, आणि जुनी प्रणाली आहे तशीच ठेवून तिच्यापुढे संकेतस्थळ उभे केले की काम झाले, हे वरिष्ठांचे म्हणणे कितपत बरोबर आहे.

ते बरोबर नाही. पण वरिष्ठांना असे का वाटते हे समजण्यासारखे आहे. बाहेरून पाहणाऱ्याला बदल दिसतो तो पडद्यावरच. वस्तूंची छायाचित्रे, खरेदीची टोपली, पैसे भरण्याचे पान हे सगळे डोळ्यांसमोर असते, आणि ते तयार करणे आता फारसे अवघडही राहिलेले नाही. मी पंचवीसेक वर्षे ऑर्डर, साठा आणि पेमेंट यांच्या प्रणाली बांधत आलो आहे. खरे सांगायचे तर बांधण्यापेक्षा दुरुस्तच जास्त केल्या आहेत. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, खरा बदल पडद्यामागे झाला. पूर्वी कंपनीचा संगणक ओळखीच्या माणसांशी आणि स्वतःच्याच भागांशी बोलत असे. आता तो दिवसरात्र अनोळखी माणसांशी आणि दुसऱ्यांच्या संगणकांशी बोलतो, मधले जाळे कोणा एकाच्या ताब्यात नसते, आणि विचारलेल्या प्रश्नाला पलीकडून उत्तर येईलच याची खात्री नसते. गेल्या तीस वर्षांत या क्षेत्रात जे नवे आले, त्यातले बरेचसे या एका परिस्थितीला तोंड देण्यासाठी आले आहे.

आधी जुनी व्यवस्था कशी होती ते पाहू, कारण आपल्या कंपनीची हिशेबप्रणाली बहुधा तिच्याच गृहीतकांवर उभी असेल. मेनफ्रेम म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकांच्या काळात दिवसभराचे व्यवहार साठवून ठेवायचे आणि रात्री बॅच चालवून खतावणी करायची, ही रीत होती. पुढे १९९२ मध्ये आलेल्या सॅप या जर्मन कंपनीच्या आर/३ या व्यवसायप्रणालीने हेच काम डेटाबेस, ॲप्लिकेशन सर्व्हर आणि कर्मचाऱ्याच्या टेबलावरचा संगणक अशा तीन थरांत वाटून दिले. थर वाढले, तरी मूळ गृहीतक तेच राहिले. प्रणाली वापरणारा माणूस आपल्याच कंपनीचा असतो, त्याला प्रशिक्षण दिलेले असते, एका वेळी असे किती जण काम करतील याचा आकडा ठाऊक असतो, आणि कोणी चुकीची नोंद केलीच तर त्याला फोन करून विचारता येते. डेटाबेसमधील व्यवहार एक तर पूर्ण होतो, नाहीतर मुळीच होत नाही. मधली अवस्था बाहेर कोणाला दिसतच नाही. या शिस्तीवर त्या पिढीच्या सगळ्या हिशेबप्रणाली उभ्या राहिल्या, आणि ती शिस्त त्यांनी उत्तम सांभाळली.

दोन कंपन्यांमधला इलेक्ट्रॉनिक व्यवहारही इंटरनेटच्या फार आधीपासून चालू होता. विमानाच्या आसनांचे आरक्षण करणारी अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांची सेबर प्रणाली १९६०च्या दशकातली आहे. फ्रान्समध्ये टेलिफोनच्या तारेवरून पडद्यावर माहिती देणारे आणि खरेदी करू देणारे मिनिटेल १९८२ पासून घरोघर पोचले आणि ३० जून २०१२ पर्यंत चालू राहिले. ऑर्डर, बिल आणि मालाची आगाऊ सूचना असे कागद ठरावीक साच्यात पाठवण्यासाठी ईडीआय (इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज) होते. त्यासाठी अमेरिकेत एक्स१२ हे प्रमाण रूढ झाले आणि संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने १९८७ मध्ये एडिफॅक्ट आले. हे संदेश व्हॅन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खासगी जाळ्यांतून जात, आणि आकारणी बहुधा अक्षरांच्या संख्येवर होत असे. त्यामुळे ईडीआयचे संदेश इतके आखूड का असतात, हा प्रश्न नव्या मुलांना पडतो तेव्हा त्याचे उत्तर त्या बिलात सापडते. मात्र या व्यवस्थेत शिरायचे तर आधी करार करायचा, साच्यातील कोणत्या रकान्याचा अर्थ काय हे दोघांनी बसून ठरवायचे, चाचण्या घ्यायच्या, आणि हे सगळे प्रत्येक नव्या भागीदाराबरोबर पुन्हा करायचे. मोठ्या उद्योगांना ते परवडे. लहान पुरवठादार मात्र दाराबाहेरच राहत, नाहीतर मोठ्या ग्राहकाच्या दडपणाखाली कसेबसे आत येत.

इंटरनेटने नेमका हा ओळख करून घेण्याचा खर्च खाली आणला. अमेरिकेतील सरकारी पैशावर चालणाऱ्या एनएसएफनेट या जाळ्याचा कणा ३० एप्रिल १९९५ रोजी बंद करण्यात आला आणि जाळ्याचा भार व्यावसायिक सेवादारांकडे गेला, तेव्हा व्यापारी वाहतुकीवरचे उरलेसुरले निर्बंधही संपले. त्याच वर्षी जुलैमध्ये ॲमेझॉनचे दुकान उघडले आणि सप्टेंबरमध्ये पुढे ईबे झालेले लिलावाचे संकेतस्थळ सुरू झाले. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्येच असे मांडले होते की, बाजारात माणूस शोधणे, भाव ठरवणे आणि करार पाळला जातो की नाही हे पाहणे यांना खर्च येतो, आणि म्हणूनच बरीचशी कामे कंपनी बाजारातून विकत न घेता स्वतःच्या भिंतींच्या आत करते. हा खर्च उतरला की कंपनीची सीमा सरकते. गोदाम दुसऱ्याचे, वाहतूक तिसऱ्याची, पैसे गोळा करणारा चौथा आणि संगणकच पाचव्याचे, ही आजची रचना त्या सरकलेल्या सीमेचे रूप आहे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने यातून निघणारा परिणाम असा: जी कामे पूर्वी एकाच डेटाबेसमधल्या एका व्यवहारात उरकत, ती आता पाच कंपन्यांच्या पाच डेटाबेसमध्ये विखुरली आहेत.

शिवाय ज्या वेबवर हे सगळे उभे राहिले, ते मुळात दुकानासाठी घडवलेलेच नव्हते. ब्राउझर आणि सर्व्हर ज्याने एकमेकांशी बोलतात, तो एचटीटीपी हा नियमसंच विसराळू आहे. एक विनंती, एक उत्तर, आणि पुढच्या विनंतीच्या वेळी मागचे काहीही आठवत नाही. टोपलीत टाकलेली वस्तू दुसऱ्या पानावर जाईपर्यंत हरवू नये म्हणून ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केपमधील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कुकीची, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या खुणेची, युक्ती काढली, आणि त्याच कुकीचा उपयोग पुढे लोकांवर पाळत ठेवण्यासाठी झाला. सांगायचा मुद्दा असा की, स्मरण, ओळख, गुप्तता आणि पोच या व्यापाराच्या चारही गरजा या विसराळू पायावर मागाहून चढवलेल्या आहेत, आणि त्या जिथे जोडल्या आहेत ते सांधे अजूनही दिसतात.

आता ज्या सांध्याने माझ्या सर्वांत जास्त रात्री खाल्ल्या, तो जरा जवळून दाखवतो.

ग्राहकाने "पैसे भरा" हे बटण दाबले. त्याच्या ब्राउझरने आपल्या सर्व्हरला विनंती पाठवली, आपल्या सर्व्हरने पेमेंट सेवादाराला विनंती पाठवली, आणि उत्तरासाठी तीस सेकंद थांबायचे असे आपण ठरवून ठेवले आहे. तीस सेकंद संपले. उत्तर आले नाही. आता पैसे वळते झाले की नाही? विनंती पलीकडे पोचलीच नसेल. पोचली असेल, पण काम होण्याआधी यंत्र बंद पडले असेल. किंवा काम व्यवस्थित झाले असेल आणि फक्त परत येणारे उत्तर वाटेत हरवले असेल. इकडून या तिन्ही शक्यता हुबेहूब सारख्या दिसतात. जुन्या प्रणालीला होय आणि नाही अशी दोनच उत्तरे ठाऊक होती. जाळ्यावर तिसरे उत्तर असते, आणि ते म्हणजे शांतता. नवखा अभियंता या शांततेचा अर्थ "नाही" असा घेतो आणि विनंती पुन्हा पाठवतो. ग्राहकही अस्वस्थ होऊन बटण पुन्हा दाबतो. माझ्या कारकिर्दीच्या सुरुवातीला मी स्वतः असाच एक पुनर्प्रयत्न लिहिला होता. पलीकडची सेवा बंद नव्हती, नुसती संथ झाली होती. एका सायंकाळी बऱ्याच ग्राहकांच्या खात्यांतून एकाच खरेदीचे पैसे दोनदा आणि काहींचे तीनदा गेले. त्याहून वाईट म्हणजे, आमच्या पुनर्प्रयत्नांच्या गर्दीमुळे ती आधीच दमलेली सेवा आणखी संथ झाली, म्हणून आणखी उत्तरे उशिरा आली, आणि म्हणून आम्ही आणखी पुनर्प्रयत्न केले.

यावरचा उपाय सांगायला सोपा आहे. प्रत्येक ऑर्डरसाठी आपणच एक वेगळा क्रमांक तयार करायचा, विनंती पाठवण्याआधी तो स्वतःच्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवायचा, आणि पहिल्या विनंतीबरोबर व नंतरच्या प्रत्येक पुनर्प्रयत्नाबरोबर तोच क्रमांक पाठवायचा. पलीकडच्या सेवेने तो क्रमांक आधी पाहिला असेल, तर तिने नव्याने काम न करता मागचेच उत्तर परत द्यायचे. मग विनंती एकदा गेली काय आणि दहादा गेली काय, परिणाम एकच. एचटीटीपीमध्ये वाचण्याच्या गेट विनंतीला आणि जागच्या जागी ठेवण्याच्या पुट विनंतीला हा गुण व्याख्येनेच दिलेला आहे. नवी माहिती सोपवण्याच्या पोस्ट विनंतीला तो नाही, आणि ऑर्डर बहुधा पोस्टनेच जाते. पान ताजे करताना ब्राउझर "माहिती पुन्हा पाठवायची का" असे विचारतो, ते याच कारणाने. यातही एक बारीक चूक मी वारंवार पाहिली आहे. क्रमांक तयार करण्याची ओळ पुनर्प्रयत्नाच्या फेऱ्याच्या बाहेर असायला हवी. ती चुकून आत गेली, तर प्रत्येक फेरीला नवा क्रमांक मिळतो आणि सगळी व्यवस्था व्यर्थ ठरते. चाचणीत हे सापडत नाही, कारण चाचणीच्या जाळ्यावर उत्तरे हरवत नाहीत.

ईडीआयची जुनी मंडळी या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी होती. एक्स१२ मध्ये ८५० हा ऑर्डरचा कागद. त्याला ९९७ आला की कागद पोचला आणि त्याची मांडणी शुद्ध आहे, एवढेच समजायचे. ऑर्डर मान्य आहे का, हे ८५५ आल्यावरच कळायचे. "मिळाले" आणि "मान्य" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी कागदातच कोरून ठेवले होते. आजच्या कितीतरी जोडण्यांत सर्व्हरने २०० हा यशाचा आकडा परत दिला की ऑर्डर पक्की झाली असे धरले जाते. वस्तुतः पलीकडे ती फक्त रांगेत ठेवलेली असू शकते.

येथे कोणी विचारेल की, पाचही कंपन्यांचे डेटाबेस एकाच व्यवहारात का बांधू नयेत. त्याची पद्धत आहे: आधी सगळ्यांना "तयार आहात का" असे विचारायचे, सगळे तयार असतील तरच "करा" म्हणायचे. पण "तयार" म्हटल्यापासून "करा" ऐकेपर्यंत प्रत्येकाला आपल्या नोंदी कुलूपबंद ठेवाव्या लागतात, आणि विचारणाराच मध्ये गप्प झाला तर कुलूप उघडायचे कधी, हे कळत नाही. अनोळखी कंपनीच्या भरवशावर कोणीही आपला साठा असा कुलपात ठेवणार नाही. म्हणून वेगळा मार्ग रूढ झाला. तो हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी १९८७ मध्ये सागा या नावाने मांडला होता, त्यांच्यापुढे तेव्हा इंटरनेटवरचा व्यापार नव्हता तरीही. मोठ्या कामाचे लहान लहान टप्पे करायचे, प्रत्येक टप्पा आपापल्या डेटाबेसमध्ये पूर्ण करायचा, आणि पुढचा टप्पा फसला तर आधीच्या प्रत्येक टप्प्यासाठी भरपाईचा एक उलट टप्पा चालवायचा. पैसे घेतले आणि माल नाही असे निघाले, तर पैसे घेतल्याची नोंद पुसायची नाही. परताव्याची दुसरी नोंद करायची. संगणकवाल्यांना हे नवे वाटले, तरी जमाखर्च लिहिणाऱ्यांना ते शतकानुशतके ठाऊक आहे. वहीत खाडाखोड करायची नसते, उलट नोंद करायची असते. कंपनीच्या लेखापालाला शेजारी बसवून ही रचना आखावी असा माझा आग्रह असतो, कारण उलट नोंदीचे नियम त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतात.

साठ्याच्या बाबतीत हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने पुढे येते. शेवटचा एक नग शिल्लक आहे आणि तो एकाच क्षणी दोघांनी टोपलीत टाकला. काउंटरवर हा प्रश्न उद्भवत नाही, कारण वस्तू ज्याच्या हातात त्याची. संगणकावर आधी हे ठरवावे लागते की नग नक्की कधी अडकवून ठेवायचा: टोपलीत टाकताना, पैसे भरायला निघताना, की पैसे मिळाल्यावर? टोपलीत टाकताच अडकवला, तर नुसते बघायला आलेल्यांच्या टोपल्यांत माल अडकून पडतो आणि घेणाऱ्याला "शिल्लक नाही" असे दिसते. पैसे मिळाल्यावर अडकवायचा म्हटले, तर कधीतरी पैसे घेऊन माल नाही असे सांगण्याची वेळ येते. बहुतेक ठिकाणी मधला मार्ग घेतात: पैसे भरायला निघताना काही मिनिटांपुरता नग राखून ठेवायचा आणि मुदत संपली की आपोआप सोडायचा. पण पैसे मुदत संपल्यानंतर दहा सेकंदांनी मिळाले, तर काय करायचे? हे कोणत्याही तंत्रज्ञानाने सुटत नाही. अशा ऑर्डरला परतावा द्यायचा, थांबायला सांगायचे की दुसऱ्या गोदामातून महाग वाहतुकीने माल पाठवायचा, हा निर्णय धंद्याचा आहे. तो अभियंत्याने एकट्याने आणि नकळत घेऊ नये, एवढेच मी म्हणेन.

ॲमेझॉनने २००७ मध्ये आपल्या डायनॅमो या साठवण प्रणालीविषयी जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात असाच एक निर्णय उघडपणे लिहिलेला आहे. काही यंत्रे किंवा जोडण्या बंद असतानाही टोपलीत वस्तू टाकता आलीच पाहिजे असे त्यांनी ठरवले, आणि त्याची किंमत म्हणून, टोपलीतून काढलेली वस्तू क्वचित पुन्हा टोपलीत दिसू शकते हे मान्य केले. हे तांत्रिक कारणाने घडते, पण निवड व्यापारी आहे: नको असलेली वस्तू ग्राहक पुन्हा काढून टाकील, टाकता न आलेली वस्तू मात्र तो दुसरीकडे घेईल. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेला आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेला सिद्धांतही हेच सांगतो की, जाळे तुटलेले असताना एकवाक्यता (सगळीकडे एकच उत्तर दिसणे) आणि उपलब्धता (प्रत्येक विनंतीला उत्तर मिळणे) या दोन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. टोपलीला उपलब्धता महत्त्वाची, खतावणीला एकवाक्यता. एकाच कंपनीत दोन्ही लागतात, आणि जुन्या प्रणालीपुढे नुसते संकेतस्थळ उभे केल्याने जी ओढाताण होते ती येथेच.

कंपन्यांच्या प्रणालींनी एकमेकींशी कोणत्या भाषेत बोलावे, यावर मध्यंतरी बरीच शक्ती खर्च झाली. १९९८ मध्ये माहिती खुणांमध्ये बांधून लिहिण्याचा एक्सएमएल हा साचा आला, त्याच्या पाठोपाठ त्यातून संदेश पाठवण्याचा सोप हा नियमसंच, आणि यूडीडीआय नावाची जागतिक नोंदवही, जिच्यात सगळ्या कंपन्या आपापल्या सेवा नोंदवतील आणि एकीचा प्रोग्राम दुसरीची सेवा आपणच शोधून काढील अशी कल्पना होती. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी चालवलेली ती सार्वजनिक नोंदवही २००६ च्या आरंभी बंद झाली. पुरवठादार निवडताना कोणीही नोंदवहीत बघून निवडत नाही, भाव, दर्जा आणि पत पाहून निवडतो, ही साधी गोष्ट त्या आराखड्यात नव्हती. शेवटी टिकले ते रॉय फील्डिंग यांनी २००० मध्ये आपल्या प्रबंधात वर्णन केलेल्या रेस्ट शैलीचे (नेहमीच्या एचटीटीपी विनंत्यांनीच बोलण्याचे) सैल रूप आणि जेसन हा सुटसुटीत साचा, कारण ते ब्राउझरला आधीच समजत होते आणि नवख्यालाही वाचता येत होते.

साचा सोपा झाला म्हणून अर्थ आपोआप जुळत नाही, याचे एक उदाहरण देतो. बऱ्याच पेमेंट सेवांना रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांकात द्यावी लागते. कारण बहुतेक दशांश अपूर्णांक संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमके मावत नाहीत, ०.१ मध्ये ०.२ मिळवले की उत्तर ०.३ च्या किंचित पुढे जाते, आणि पैशांच्या हिशेबात किंचितही चालत नाही. म्हणून अभियंता रकमेला १०० ने गुणतो आणि पुढे जातो. डॉलरला आणि युरोला ते चालते. जपानी येनला लहान एकक व्यवहारात नाहीच, त्यामुळे तेथे ग्राहकाकडून शंभरपट रक्कम मागितली जाते. कुवेती दिनाराचे १००० भाग असतात, त्यामुळे तेथे एक दशांशच रक्कम मिळते. कोणत्या चलनाला किती दशांश स्थाने, हे आयएसओ ४२१७ या प्रमाणात दिलेले आहे. तारखांचेही तसेच: ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे वाचणाऱ्याच्या देशावर ठरते, म्हणून वर्ष आधी लिहिणारा आयएसओ ८६०१ साचाच वापरावा. अशा बाबी कंटाळवाण्या वाटतात खऱ्या. पण दोन कंपन्यांच्या जोडणीला लागणाऱ्या वेळेतला मोठा वाटा त्या खातात, आणि कोणत्याही आराखड्यात तो धरलेला नसतो.

ब्राउझर आणि क्लाउड यांच्याविषयी इतके लिहिले जाते की मी थोडक्यात आटोपतो. ब्राउझर सर्वत्र आल्यामुळे प्रत्येक टेबलावर जाऊन सॉफ्टवेअर बसवण्याचे काम संपले, १९९९ मध्ये स्थापन झालेल्या सेल्सफोर्ससारख्या कंपन्यांनी सॉफ्टवेअर वर्गणीवर द्यायला सुरुवात केली, आणि सुधारणा वर्षातून एकदा येण्याऐवजी रोज येऊ लागल्या. ॲमेझॉनची एस३ ही साठवणसेवा मार्च २००६ मध्ये आणि ईसी२ ही यंत्रे भाड्याने देणारी सेवा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झाली, तेव्हापासून सर्व्हर हा भांडवली खर्च न राहता महिन्याचे बिल झाला. विक्रीच्या दिवशी वीसपट गर्दी आणि एरवी शांतता, अशा धंद्याला हे वरदान आहे. वर्षभर एकसारखा भार असणाऱ्याला मात्र भाड्याचे यंत्र स्वस्तच पडेल असे नाही, आणि दुसऱ्याच्या यंत्रावर गेलो म्हणजे बंद पडण्याची चिंता संपली असेही नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी एका आज्ञेत चुकीचा आकडा टाइप झाल्याने एस३च्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रातले ठरवल्यापेक्षा जास्त सर्व्हर बंद झाले आणि असंख्य संकेतस्थळे काही तास अडली. तीच गत लहान लहान सेवांमध्ये प्रणाली फोडण्याच्या टूमची. दहा माणसांच्या विभागाने चाळीस सेवा केल्या, की वर सांगितलेली शांतता स्वतःच्याच घरात चाळीस ठिकाणी ओढवून घेतली असे होते. माझ्या मते, जोपर्यंत एका डेटाबेसमध्ये भागते तोपर्यंत भागवावे.

विश्वासाचा प्रश्न मात्र जरा थांबून पाहण्यासारखा आहे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी सेट नावाचा एक अतिशय काटेकोर नियमसंच पुढे आणला होता. त्यात ग्राहकाला स्वतःचे डिजिटल प्रमाणपत्र आणि खास सॉफ्टवेअर लागे, आणि दुकानदाराला कार्डाचा क्रमांक दिसण्याची गरजच उरत नसे. तांत्रिकदृष्ट्या ते सुंदर होते, पण कोणी वापरले नाही. जिंकले ते नेटस्केपचे एसएसएल, ज्याचे पुढे टीएलएस झाले. ते फक्त वाट सुरक्षित करते आणि सर्व्हर खराच त्या नावाचा आहे एवढे सांगते. दुकानदार प्रामाणिक आहे का, याबद्दल ते काहीही बोलत नाही. उरलेला विश्वास कायद्याने आणि बँकांच्या नियमांनी पुरवला: वादग्रस्त रक्कम परत मिळवण्याचा ग्राहकाचा हक्क, आणि कार्डाची माहिती साठवणाऱ्यांसाठी डिसेंबर २००४ मध्ये आलेले पीसीआय डीएसएस हे प्रमाण. आज शहाणा दुकानदार कार्डाचा क्रमांक स्वतःकडे येऊच देत नाही. पेमेंट सेवादार त्याला बदली खूण देतो आणि ती खूण चोरीला गेली तरी दुसरीकडे चालत नाही. म्हणजे सेटने जे ग्राहकाच्या माथी मारले होते, तेच काम पुढे मधल्या सेवादाराने उचलले. दुसऱ्याचे तयार सॉफ्टवेअर वापरण्यात जो विश्वास टाकावा लागतो, त्याची किंमत एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड या दोषाने आणि डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या नोंदी लिहिणाऱ्या घटकातील लॉग४शेल या दोषाने दाखवून दिली. त्या दुसऱ्या वेळी दुरुस्ती करायला फार वेळ लागला नाही. हा घटक आपल्या कोणकोणत्या प्रणालींत दडलेला आहे, हे शोधण्यात मात्र कित्येक कंपन्यांचे आठवडे गेले.

आता आपल्या वरिष्ठांच्या प्रस्तावाकडे. जुनी हिशेबप्रणाली फेकून द्या असे मी सांगणार नाही. ती जे करते ते चोख करते. पण तिच्यात आणि संकेतस्थळात थेट जोडणी करू नका. मध्ये एक थर ठेवा, जो प्रत्येक ऑर्डरला स्वतःचा क्रमांक देईल, आलेली प्रत्येक घटना आधी टिकाऊ रांगेत लिहील, आणि रात्रीच्या बॅचसाठी जुनी प्रणाली बंद असली तरी ऑर्डर घेत राहील. ऑर्डरच्या अवस्थांमध्ये "झाली" आणि "फसली" यांच्या जोडीला "माहीत नाही" ही अवस्था उघडपणे ठेवा, आणि त्या अवस्थेतून बाहेर पडण्याचा मार्गही आखा: ठरावीक वेळाने पलीकडे चौकशी करायची, आणि तेवढ्याने भागले नाही तर माणसाकडे द्यायचे. माल, ग्राहक आणि एकके यांच्या संकेतांकांची साफसफाई पडद्याच्या आधी करा. एकच वस्तू जुन्या प्रणालीत तीन नावांनी नोंदलेली असेल, तर संकेतस्थळ ती तीनदा दाखवील आणि साठा तिन्ही ठिकाणी चुकीचा सांगेल.

आणि ताळमेळ रोज घाला. आपल्या ऑर्डरींची यादी, पेमेंट सेवादाराच्या जमा रकमांची यादी आणि गोदामातून निघालेल्या मालाची यादी या तिन्ही शेजारी ठेवून जुळवणारा एक साधा प्रोग्राम, पहिली ऑर्डर घेण्याआधीच लिहून तयार हवा. मला एखादी चालू प्रणाली तपासायला बोलावतात, तेव्हा मी पडदे किंवा आराखडे आधी मागत नाही. पैसे आले पण ऑर्डर नाही, ऑर्डर आहे पण पैसे नाहीत, पैसे परत केले पण मालही गेला, अशा न जुळलेल्या नोंदींची यादी मागतो. त्या यादीत किती ओळी आहेत, सर्वांत जुनी ओळ कोणत्या तारखेची आहे, आणि ती रोज सकाळी कोण उघडतो, हे तीन प्रश्न वरिष्ठांना विचारून पाहा.